गावपळण आणि चौदा हजार पत्रं

मी तापट माणूस आहे हे गावात कुणालाही विचारा, पण सवड काढून विचारा, कारण एकदा माझं नाव निघालं की लोक अर्धा तास थांबत नाहीत. एकतीस वर्षं ग्रामपंचायतीत क्लार्क होतो. जन्माचे दाखले, मृत्यूचे दाखले, घरपट्टी, सगळं ह्या सत्यवानाच्या हातून गेलं. त्यामुळे मला कुणी काही शिकवायला आलं की डोकं सटकतं. तरीही ह्या मार्गशीर्षात मी जे करून ठेवलं, ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला गावच्या सीमेपर्यंत शिव्या घालत सोडून आलो असतो.

आमचा गाव मालवणपासून तासाभरावर, खाडीच्या कडेला. ह्या गावाला ईमेल एकच. तसा तो माझा. पंधराएक वर्षांपूर्वी माझा पुतण्या निकेत ह्याने पुण्याहून सुट्टीला आला असताना काढून दिला. तेव्हा नुकतं प्रत्येक फॉर्मवर ईमेल विचारायला लागले होते. लोक पंचायतीत येऊन म्हणायचे, सत्यवाना, तुझोच घाल रे. मी घालायचो. मला वाटायचं, चार पत्रं जास्त आली तर आपलं काय जातंय. होता होता काजूच्या बागायतदारांचे मेल, कुणाच्या मस्कतच्या मुलाचे मेल, विजेची बिलं, शेजारच्या बाबलीसाठी येणारी मुलींची स्थळं, सगळं माझ्याच इनबॉक्समध्ये यायला लागलं. निवृत्त झालो तरी ते थांबलं नाही.

गेल्या डिसेंबरात एका सोमवारी सकाळी स्क्रीनवर लाल पट्टी आली. जागा संपली, आता नवीन पत्र येणार नाही. एरवी मी म्हटलं असतं, बरं झालं, पीडा गेली. पण सृष्टीचं पत्र यायचं होतं.

सृष्टी माझी एकुलती मुलगी. लहानपणापासून सुट्ट्या मालवणात मामाच्या ट्रॉलरवर काढल्या आणि डोक्यात समुद्र घेऊन घरी आली. तिला मासेमारी बोटीची कप्तान व्हायचं होतं. केरळातल्या एका संस्थेत त्याचं दोन वर्षांचं शिक्षण मिळतं. तिथे तिचं नाव प्रतीक्षा यादीत होतं, तिसरं. वर्ग पंधरवड्यात सुरू होणार होते. वयाच्या अटीमुळे यंदाचं वर्ष शेवटचं. पुढच्या वर्षी तिला फॉर्मच भरता आला नसता. आणि त्या फॉर्मवर तिचा स्वतःचा ईमेल घालायचा सोडून माझा घातला होता, तो मीच. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, सरकारी कागदाला बापाचाच पत्ता शोभतो.

मी निकेतला फोन लावला. तो म्हणाला, काका, कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम घालू. तो वेबवरची सगळी पत्रं तुमच्या घरच्या डिस्कवर उतरवून ठेवेल. मग वेबवरची जुनी जड पत्रं काढून टाका, जागाच जागा. मला ते एकदम पटलं. माझा कॉम्प्युटर पंचायतीने भंगारात काढलेला, मी घरी आणून साफ केलेला, पण चालतो. पंखा मात्र भुंग्यासारखा घोंघावतो, त्यामुळे आई त्याला 'ती गुणगुणती पेटी' म्हणते.

प्रोग्रॅम उतरवला. त्याने नाव विचारलं, पत्ता विचारला, पासवर्ड विचारला. पासवर्ड तीनदा चुकला, तो माझ्या चष्म्यामुळे. मग एका चौकटीत खूण होती: पत्राची प्रत सर्व्हरवर ठेवा. निकेतने बजावलं होतं, काका, त्या खुणेला हात लावू नका. आधी सगळं नीट उतरू दे, मी रविवारी बघतो, मग काय ते काढू. एवढं सांगून त्याने फोन ठेवला आणि मी त्या खुणेकडे बघत बसलो.

आता इथे तुम्हाला गावपळण सांगायला हवी. दर तीन-चार वर्षांनी आमचा ग्रामदेव कौल देतो आणि सगळा गाव तीन दिवस तीन रात्री सीमेबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. घराला कडी लावायची आणि निघायचं. मागे जित्राब म्हणून राहता कामा नये. लहानपणी एकदा आमच्या कोंबडीचं एक पिल्लू राहिलं होतं, तर आजोबांनी सीमेवरून मला परत धाडलं होतं, शेवटचा नगारा व्हायच्या आत घेऊन ये म्हणून. ह्या वर्षी गावपळण त्याच शुक्रवारी होती आणि घरात चार दिवस तीच धांदल चालली होती. डोक्यात दुसरं काही नव्हतंच. तेव्हा मी विचार केला, पत्रं बाहेर काढायची तर पुरती काढायची. अर्धी इथे अर्धी तिथे, हा काय प्रकार आहे? एक पिल्लू मागे ठेवायचं नाही. मी ती खूण काढून टाकली.

आमचं इंटरनेट म्हणजे चढावरची बैलगाडी. तीन दिवस पत्रं उतरत होती. गुरुवारी संध्याकाळी आकडा थांबला, चौदा हजार दोनशे सहा. वेबवरचा इनबॉक्स उघडला तर झाडून स्वच्छ. मला इतका आनंद झाला की मी दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला बोलावून सांगितलं, अख्ख्या गावाची पत्रं आता ह्या पेटीत आहेत. लोक कौतुकाने बघून गेले. आईसुद्धा चारदा ऐकून गेली. आईचं नाव काशीबाई, वय ब्याऐंशी, कान तिखट.

शुक्रवारी सकाळी निघायच्या आधी म्हटलं, एकदा शेवटचं बघू. प्रोग्रॅम उघडला. खाली आलं, सहा नवीन पत्रं उतरली. तेवढ्यात देवळात निघायचा पहिला नगारा झाला, बायको अंगणातून ओरडली की म्हैस दावं तोडून चालली आहे आणि तुम्ही तिथे काय पूजा मांडली आहे. मी पेटी बंद केली आणि म्हशीच्या मागे धावलो.

खाडीपलीकडच्या माळावर आमच्या राहुट्या पडल्या. गावपळणीसारखी मजा जगात नाही, मी लिहून देतो. जी माणसं वर्षभर बांधावरून भांडतात ती एका चुलीवर भात शिजवतात. बायका फुगड्या घालतात, म्हातारे पत्ते खेळतात, खाडीतले मासे जिवंत फडफडत ताटात येतात. बाबली हा आमचा शेजारी, टेम्पोवाला. त्याने ह्या वेळी क्रिकेटसाठी घरचा मोठा टीव्ही आणला होता आणि भजनी मंडळाच्या जनरेटरवर तो चालवत होता. देवाचे मानकरी दाजी आधी कुरकुरले, मग सर्वांत पुढची जागा धरून बसले.

रविवारी सकाळी आठ वाजता सृष्टीच्या फोनवर संस्थेचा निरोप आला. वरच्या दोघांनी नकार दिल्याने तिला जागा मिळाली होती. शुक्रवारी पाठवलेल्या मेलमधल्या लिंकवर तिने अजून होकार कळवला नव्हता. आज दुपारी बारापर्यंत कळवला नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल.

तिने फोनवर मेल उघडला. इनबॉक्स रिकामा. केराची टोपली रिकामी. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला त्या सहा पत्रांची आठवण झाली. शुक्रवारी सकाळी तिचं पत्र आलं होतं, माझ्या प्रोग्रॅमने ते वेबवरून उचलून पेटीत टाकलं होतं, मागे प्रत ठेवली नव्हती, आणि ती पेटी सीमेच्या आत कडी लावलेल्या घरात होती. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, तसं. फरक इतकाच की कर्म माझं होतं आणि दैव तिचं.

निकेतला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, काका, खूण काढली होतीत? मी म्हटलं, काढली. तो म्हणाला, मग ते पत्र जगात एकाच ठिकाणी आहे. संस्थेला फोन लावला तर रविवार, नुसती घंटा वाजत राहिली. दुसरं पत्र पाठवा म्हणून सृष्टीने मेल केला, त्याला सोमवारी उत्तर देऊ असं आपोआप उत्तर आलं.

मी चप्पल घातली. माळावरून आमच्या घराचं छप्पर दिसत होतं, पंचवीस मिनिटांची वाट. गावपळणीत सीमेच्या आत कुणी जात नाही. पहारा नसतो, दंड नसतो, पण कुणी जात नाही. माझ्या हयातीत गेलेला माणूस मला माहीत नाही. मी म्हटलं, मी जातो, देवाला काय करायचं ते मला करू दे, पोरीने काय केलंय. पत्ते खेळणारे थांबले. दाजी उठून माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात बोलले.

"सत्यवाना, तुका कोण अडवचो नाय. पण परत येतलंस तेव्हा आमच्याकडे बघूक तुकाच जमाचा नाय."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण ते खरं होतं. तरी मी निघालो. चार पावलं गेलो असेन, तर सृष्टीने मागून माझा दंड धरला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज बापासारखाच.

"बाबा, तुम्ही जाव नकात. माझ्यापायी तुमका गावात तोंड लपवचा लागला, तर त्या बोटीर माका झोप लागाची नाय."

मी तिथेच खाली बसलो. साठ वर्षांचा माणूस, सगळ्या गावासमोर, मातीत. स्वतःचा एवढा संताप मला जन्मात आला नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि ही पोर, मला चार शिव्या घालायच्या सोडून, माझ्या तोंडाची काळजी करत उभी.

तेव्हा राहुटीच्या दाराशी बसलेली आई बोलली. दोन दिवस ती गोधडीच्या एका गाठोड्यावर ऐसपैस बसून पान कुटत होती. मी स्वतः तिला दहा वेळा म्हटलं असेन, आये, खाली बस, पडशील. ती आता त्या गाठोड्यावरून उठली, गाठ सोडली आणि गोधडी बाजूला केली. आत माझा कॉम्प्युटर होता.

"चार वेळा तूच सांगलंस, अख्ख्या गावाची पत्रां ह्या पेटयेत आसत. मगे गाव भायर काढताना पेटी भितर कशी ठेवतलंय?"

मी तिला विचारलं, दोन दिवस सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "माका खंय कोणी इचारल्यान?"

मी म्हशीच्या मागे धावत होतो तेव्हा तिने वायरी उपटल्या होत्या, पेटी गोधडीत बांधली होती आणि बाबलीच्या टेम्पोत कोंबड्यांच्या शेजारी ठेवली होती. स्क्रीन मात्र घरीच ठेवला होता, कारण तिच्या मते तो नुसता आरसा. कीबोर्डाचा तर तिने विचारच केला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला होता, पण भांडं अजून चुलीवरच होतं. साडेनऊ झाले होते.

बाबली मोटारसायकल काढून पलीकडच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात गेला. तिथे लाईट नव्हती, रविवारची नेहमीचीच बोंब, त्यामुळे पेटी तिकडे नेण्यात अर्थ नव्हता. दुकानदाराकडून तो कीबोर्ड, माऊस आणि टीव्हीला जोडायची वायर घेऊन आला. येईपर्यंत साडेदहा. जनरेटर माळावर आमच्याकडेच होता. भजनी मंडळाने लाऊडस्पीकर काढून पेटी जोडली. टीव्ही एका खाटेवर, पेटी भाताच्या टोपावर उपडी घातलेल्या परातीवर, आणि कीबोर्ड माझ्या मांडीवर. समोर सगळा गाव, मागे गुरं. मी बटण दाबलं. पेटी घोंघावली आणि आईने हात जोडले.

प्रोग्रॅम उघडला तो सर्वांत जुन्या पत्रापासून. टीव्ही केवढा तरी मोठा. पत्रांची नावं एकाखाली एक सरकायला लागली आणि लोक मोठ्याने वाचायला लागले. वीज बिल, वीज बिल, काजू बी खरेदी. मग एका रांगेत अकरा वेळा, बाबली, आपल्यासाठी सात नवीन स्थळं. पोरींनी खिदळून हसायला सुरुवात केली. बाबली म्हणाला, मला तर एकही कळवलं नाहीस, सत्यवाना. मी म्हटलं, त्यातल्या मुलींवर उपकार केले. सृष्टीने माऊस माझ्या हातातून काढून घेतला आणि गप्प बसायला सांगितलं, बापाला आणि गावाला एकाच दमात.

ती खाली खाली सरकवत होती. तेवढ्यात दाजी म्हणाले, थांब. मस्कतच्या त्यांच्या मुलाचं पत्र होतं, पाच वर्षांपूर्वीचं, सोबत फोटो. तेव्हा मी ते छापून द्यायचं विसरलो होतो आणि पुढे कधी आठवलंही नाही. सृष्टीने घड्याळ बघितलं, अकरा वाजून पाच मिनिटं. तरी तिने ते पत्र उघडलं. टीव्हीभर एक तान्हं बाळ आलं, डोक्याला कुंची, गाल फुगलेले. दाजींचा नातू, बारशाच्या दिवशीचा. आता तो शाळेत जातो. दाजी त्या टीव्हीपुढे इतके जवळ गेले की बाळाच्या जागी आम्हाला त्यांचं टक्कलच दिसायला लागलं. मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तळाला सहा पत्रं होती. चार जाहिराती, एक वीज बिल, आणि संस्थेचं पत्र. सृष्टीने ते उघडलं. निळ्या अक्षरातली लिंक दिसली, पण माळावर रेंज कधी आहे तर कधी नाही. तिने फोनचं नेट पेटीला जोडलं आणि फोन कुठेतरी उंच धरायला हवा म्हणाली. बाबली खाटेवर चढला, तिथून टेम्पोच्या टपावर, आणि फोन देवाच्या तरंगकाठीसारखा डोक्यावर धरून उभा राहिला. पान उघडायला लागलं. अर्धं आलं आणि थांबलं. बाबलीला लोक डावीकडे हो, उजवीकडे हो असं सांगत होते. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पान पुरतं उघडलं. सृष्टीने होकाराचं बटण दाबलं.

हिरव्या अक्षरात दोन ओळी आल्या. तिने त्या वाचल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. लोक विचारत होते, काय झालं, काय लिहिलंय. मला वाचता येत होतं, पण सांगता येईना. शेवटी माझ्या फोनवरून निकेतच म्हणाला, काका, रडताय म्हणजे झालं असेल. मग जो गलका झाला त्याने म्हैस पुन्हा दावं तोडून पळाली आणि ह्या खेपेला तिच्या मागे कुणीही धावलं नाही.

पत्राच्या तळाला आणखी एक ओळ होती. मंगळवारी सकाळी नऊ वाजता हजर व्हावे. म्हणजे आजच संध्याकाळी कुडाळहून गाडी पकडायला हवी. घरी जाता येणार नव्हतं. देव कौल देईल तेव्हा गाव परत फिरणार, तो उद्या किंवा परवा. निकेतने पुण्यात बसून कुणीतरी रद्द केलेली जागा शोधून तिकीट काढलं. कागदपत्रांची फाईल माझ्याकडे होती, क्लार्क ती मागे ठेवत नसतो. पण कपडे तिचे तीन दिवसांचे, दोन वर्षांचे नव्हेत.

मग गाठोडी सुटायला लागली. एका नव्या सुनेने माहेरची सुटकेस रिकामी करून दिली. कुणी स्वेटर दिला, कुणी टॉवेल, कुणी नवीन चप्पल, कुणी कोकमाची सोलं, कुणी कुळथाचं पीठ. बायकोने वडे तळले. बाबलीने आपली बॅटरी दिली आणि म्हणाला, समुद्रात लाईट जाते. आई स्वतःची गोधडी घडी घालून घेऊन आली, जिच्यात पेटी बांधली होती तीच. मी म्हटलं, आये, तुला थंडी वाजेल. ती म्हणाली, माका घर आसा.

चार वाजता टेम्पो रस्त्यावर लागला. आमच्या गावातून कुणी शिकायला, नोकरीला निघालं की एसटीच्या थांब्यावर घरची दोन माणसं येतात. बाकीचे शेतात असतात, कामात असतात, कुणाला तर चार दिवसांनी कळतं. त्या दिवशी कुणाला काही काम नव्हतं. सगळा गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभा राहिला. तान्ही पोरं, म्हातारे, ज्यांना मी एकतीस वर्षं घरपट्टीसाठी छळलं ते सगळे, गुरं, कुत्री, हातात कोंबड्या धरलेल्या बायका. दाजींनी खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या आमचा चेडू दर्यार जाता. तेका वाऱ्या-वादळात सांभाळ आणि जसा जाता तसा घराक हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला.

सृष्टी टेम्पोत चढली आणि मग तिला रडू आवरेना, हसतही होती, दोन्ही एकदम. मी तिच्याशेजारी बसलो. टेम्पो सुटल्यावर तिने वळून बघितलं, मीही बघितलं. खाडीच्या पलीकडे आमची घरं कड्या लावून गप्प उभी होती, एकाही घरात तिला निरोप द्यायचं राहून गेलेलं कुणी नव्हतं. मी तिचा हात धरला आणि कुडाळपर्यंत सोडला नाही.